गंधर्वाच्या रंगपटात

मिरज, 1905. पाऊस सरलाय, रात्रीच्या हवेत गारवा येऊ लागलाय आणि गावात किर्लोस्कर नाटक मंडळीचा मुक्काम आहे. तुम्ही पिटात बसला आहात, पार मागे. पुढच्यांचे फेटे आडवे येतात, बत्त्यांचा उग्र वास डोक्यात जातो, कुणीतरी तपकिरीची चिमूट ओढतं. शेजारी एक वयस्कर गृहस्थ आहेत. त्यांनी भाऊराव कोल्हटकरांना डोळे भरून पाहिलंय आणि कान भरून ऐकलंय. भाऊरावांना जाऊन 4 वर्षं झाली तरी त्यांचा विषय निघाला की या गृहस्थांचा गळा दाटतो. आज शकुंतला करणाऱ्या नव्या पोराकडून त्यांना फारशी आशा दिसत नाही.

पोर 17 वर्षांचं आहे. नाव नारायण श्रीपाद राजहंस. लहानपणी पुण्यात लोकमान्यांनी त्याचं गाणं ऐकलं आणि ‘बालगंधर्व’ म्हणून कौतुक केलं, ते नाव त्याला कायमचं चिकटलंय. कानानं त्याला कमी ऐकू येतं. शाहू महाराजांनी याच मिरजेच्या मिशन इस्पितळात डॉ. वानलेस यांच्याकडून त्याच्यावर उपचार करवले आणि महाराजांच्याच शब्दावर तो किर्लोस्कर कंपनीत आलाय.

नांदी संपते. पडदा वर जातो. आश्रमातली मुलगी आहे, तेव्हा दागिने म्हणाल तर फुलांचे. वस्त्रं, टोप, रंग सगळं कंपनीचं. हा वेश आधी दुसऱ्या कुणाच्या अंगावर होता, उद्या तिसऱ्याच्या असेल. त्या पोशाखात या मुलाचं स्वतःचं असं अजून काही नाही. तरी तुम्ही बघत राहता, कारण पदराचं टोक त्यानं दोन बोटांत धरलंय आणि ते सोडायला तो तयार नाही. मान पूर्ण वर करत नाही, पूर्ण खालीही घालत नाही. तोवरचे स्त्रीपार्टी नट बाई दाखवायची म्हणजे कंबर हलवायची, मुरका मारायचा, असं काहीबाही करत आले. हा जवळजवळ काहीच करत नाही. नुसता उभा राहतो आणि गायला लागतो. शेजारचे गृहस्थ तपकिरीची डबी उघडतात, तशीच हातात धरून बसतात.

पुढे अर्धं शतक महाराष्ट्र ज्या नटण्यासजण्याबद्दल बोलणार आहे, त्यातलं एक पदराचं टोक तेवढं तुम्हाला आज पिटातून दिसलं. बाकीचं बघायचं तर जवळ सरकावं लागेल. आणि वर्षंही ओलांडावी लागतील.

मुंबई, 12 मार्च 1911. ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. तुमची खुर्ची आता बरीच पुढे आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी नाटकच असं लिहिलंय की त्यात कपड्यांना संवादाइतकं काम आहे. भामिनी श्रीमंताची लेक. धैर्यधर शूर, पण गरीब. त्याची गरिबी तिच्या नजरेत खुपते. मग तीच भामिनी वनमाला म्हणून साध्या वेशात त्याच्यासमोर येते आणि दागिने उतरवल्यावर तिला माणूस दिसायला लागतो. म्हणजे एकाच रात्री, एकाच नटानं, आधी थाट अंगावर मिरवायचा आणि मग तो उतरवूनही तेवढंच सुंदर दिसायचं.

तुम्ही नीट बघा. भामिनी चालते तेव्हा शालू बोलतो, वनमाला चालते तेव्हा पावलं. एवढा फरक करायला 22 वर्षांच्या नटाला कुणी शिकवलं असेल? गाणं भास्करबुवा बखल्यांनी शिकवलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. वेश अंगी बाणवणं हे मात्र त्याचं त्यानं, आरशासमोर आणि बायकांकडे आदरानं बघून कमावलेलं असावं असं मला वाटतं. आदरानं हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. त्याच्या भामिनीत बायकांची नक्कल कुठेच नाही.

मध्यंतरात तुमच्या कानावर एक बातमी येते आणि तुम्हाला खुर्चीत बसवेनासं होतं. आज, याच दिवशी, बालगंधर्वांचं मूल गेलंय. खेळ थांबवू या, असं म्हणायची सोय कुणालाही होती. त्यांनी तोंडाला रंग लावला, अंगावर शालू घेतला आणि पहिल्याच प्रवेशात ते हसत आले. पुढल्या पदाला वन्समोअर पडतो. तुमचे हात टाळीसाठी उचलले जात नाहीत, पण थिएटर दणाणून जातं.

इथून पुढे या माणसाच्या भरजरीपणाकडे तुम्ही चैन म्हणून बघू शकणार नाही. निदान मला ते जमत नाही.

आता जरा धावतं घ्या. 1913 साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे गंधर्व नाटक मंडळी काढतात. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय मिळतो. पेटारा आता स्वतःचा आहे, त्यात काय भरायचं हे ठरवणारे स्वतःच आहेत.

डिसेंबर 1916. आज खुर्ची नको. तुम्हाला थेट रंगपटात यायला मिळालंय. ‘स्वयंवर’चा खेळ आहे आणि रुक्मिणी तयार व्हायची आहे.

पाटावर बसलेला माणूस 28 वर्षांचा आहे. उघडं अंग, धोतर, गोरा वर्ण, नितळ चेहरा. तुम्ही आत पाऊल टाकता तसे ते मान वळवून म्हणतात, ‘‘या देवा.’’ तुम्हालाच म्हणतात, आणि रंग कालवणाऱ्या पोऱ्यालाही तसंच म्हणतात. दाढी दोनदा उलटीसुलटी होते. मग चेहऱ्यावर रंगाचा हात फिरतो, पातळ, एकसारखा, गळ्याखाली उतरवलेला, कानामागेही. कानामागचा तो भाग पिटातून काय, पहिल्या रांगेतूनही दिसणार नाही. गालांवर लाली बोटानं पसरवली जाते. काजळाची रेघ ते स्वतः ओढतात. टोप चढतो, खोपा बसतो, आणि त्यावर खरी फुलं येतात, आज संध्याकाळी गुंफलेली. कागदी फुलांवर कितीतरी कंपन्यांचे संसार चालले, इथे ती चालत नाहीत.

आता लुगडं. हा भाग जवळून बघा, कारण पुढे लोक याचीच नक्कल करणार आहेत. नऊवारी शालू, अंगभर जरीचा, हातात घेतला तर हात खाली जावा इतका जड. निऱ्या सारख्या मापाच्या, बोटाच्या पेरानं मोजल्यासारख्या. काष्टा मागे घट्ट, पण वरची चापूनचोपून नेसण अशी की पाऊल टाकल्यावर पोटरीजवळ घडी मोडू नये. पदर छातीवरून वर जातो, पाठीवरून फिरून दुसऱ्या खांद्यावर येतो, आणि त्यावर शेला. ज्या अंगाला बाईची ठेवण निसर्गानं दिलेली नाही, ते अंग या दोन वस्त्रांच्या मध्ये कुठेतरी विरघळून जातं. खांदे रुंद आहेत, ते शेल्यानं उतरते केले. मनगट पुरुषी आहे, तिथे गोठ, पाटल्या आणि बांगड्या. गळ्याचा उंचवटा ठुशी आणि तन्मणी झाकतात. नाकात नथ. प्रत्येक दागिना देखणा आहेच, पण प्रत्येकाला नेमून दिलेलं काम आहे.

शालू खरा, जर खरी. अत्तर येतं तेही भारी. मनगटाला, कानाच्या पाळीला, शेल्याच्या टोकाला. रुक्मिणी रंगमंचावर येण्याआधी तिचा गंध पहिल्या रांगांत पोचतो. विंगेत सारंगी सुरात लागतेय, ऑर्गनचा भाता हलतोय. शेवटी ते एक छोटा हातरुमाल उचलतात, घडी करतात, उलगडतात, पुन्हा करतात. उठून उभे राहतात.

आणि तुम्हाला कळतं की थोड्या वेळापूर्वी तुमच्याशी बोललेला माणूस आता या खोलीत नाही. आवाज तोच, पण तुम्ही आपसूक दोन पावलं मागे सरकता, जशी घरातल्या मोठ्या सुनेला वाट द्यावी.

रंग डोळ्यांत साठवून घ्या. शालूचा, खणाचा, लालीचा. मागे राहणार आहेत ते काळे-पांढरे फोटो आणि ध्वनिमुद्रिका. गळा तबकड्यांवर उतरेल, तीन-तीन मिनिटांत का होईना. शालूचा रंग मात्र या रात्रीबरोबरच जाणार आहे.

आता वर बघा, बायकांच्या सज्जाकडे. पुण्या-मुंबईच्या, सांगली-कोल्हापूरच्या घरंदाज बायका नाटक बघताहेत, आणि नाटकाइतकंच खोपा बघताहेत. फूल कोणत्या बाजूला खोचलंय, शेला कुठून घेतलाय, रुमाल कोणत्या हातात धरलाय. पुढच्या हळदीकुंकवाला हेच खोपे, हेच पदर दिसणार आहेत. बालगंधर्व नेसतात तसं नेसायचं, ही त्या काळच्या घराघरांतली गोष्ट आहे. एका पुरुषानं कपडे कसे ल्यावेत हे बायकांना दाखवून दिलं, असं सांगितलं की ऐकणाऱ्याला गंमत वाटते. मला त्यात त्या बायकांची अडचण दिसते. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला त्यांनी नुकतीच सुरुवात केली होती. चार लोकांत, परक्या पुरुषांसमोर, ताठ मानेनं आणि तरी मर्यादेनं कसं उभं राहायचं, याचा नमुना आईकडून, आजीकडून मिळण्यासारखा नव्हता. त्या कधी तशा उभ्याच राहिल्या नव्हत्या. रवि वर्म्याच्या छापील चित्रांतल्या नऊवारीतल्या देवता भिंतीवर होत्या, पण त्या चालत नव्हत्या. रुक्मिणी चालत होती.

यातला अन्यायही तुमच्या नजरेतून सुटू नये. ‘मानापमान’च्या चाली बांधताना गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याचा जो रंग आणला, तो पिढ्यान् पिढ्या गायिकांनी जपलेला होता. त्या गायिकांना मात्र या सभ्य रंगमंचावर पाऊल ठेवायची मुभा नव्हती. त्यांचं गाणं आलं, त्यांचा साज आला, त्या आल्या नाहीत. बालगंधर्वांनी हे दार बंद केलेलं नव्हतं. त्यांना ते बंदच मिळालं. तरी रुक्मिणीच्या अंगावरचं सगळं वैभव बघताना ते बंद दार मनात असावं.

खेळ संपायला पहाट होते. एकेका पदाला तीन-तीन, चार-चार वेळा परत गावं लागलंय. रंगपटात येऊन ते टोप काढतात तेव्हा केस घामानं कपाळाला चिकटलेले असतात. शालूचं वजन तुम्ही मघाशी हातानं पाहिलंय. तो अंगावर घेऊन, उभं राहून, ही व्यक्ती रात्रभर गायली.

बडोदे, 20 फेब्रुवारी 1919. राम गणेश गडकरी जाऊन महिनाही झालेला नाही. त्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग त्यांच्या माघारी होतोय, पदंसुद्धा विठ्ठल सीताराम गुर्जरांनी करून दिली आहेत. सुधाकर गणपतराव बोडस, सिंधू बालगंधर्व.

तुम्ही रंगपटात आधीच जाऊन बसलात, कारण तुम्हाला आता शालूची, अत्तराची, जरीची सवय झालीय. पाटावर तुम्हाला एक जुनेर दिसतं. धुवट, विटकं, जागोजागी ठिगळं. तुम्हाला वाटतं हे पुसायला ठेवलंय.

ते तेच नेसतात. आणि लक्ष देऊन बघा, नेसायला तेवढाच वेळ घेतात. निऱ्या तितक्याच एकसारख्या. ठिगळ कुठे यावं हे ठरलेलं आहे. एक खांद्यावर, कारण पदर ओढून घेताना तिथेच हात जातो. आणि पदर ओढला की ठिगळ झाकलं जातं, हात सुटला की पुन्हा दिसतं. गरीब घरची अब्रूदार बाई जशी जगते, तशीच ही साडी आहे. तिच्यात कळकटपणाला जागा नाही. केस चापून बसवलेले, फूल नाही. नथ नाही, ठुशी नाही. मनगटाचा पुरुषी रुंदपणा झाकायला आज गोठ-पाटल्या नाहीत, म्हणून हात अंगाजवळच ठेवायचे, जात्याच्या खुंट्यावर किंवा पदराखाली. कपाळावर कुंकू तेवढं ठसठशीत.

श्रीमंतीचा वेश करणारे पुष्कळ असतात. ज्याला लोक शालूसाठी ओळखतात, त्यानं ऐन बहरात, तिशीत, फाटक्या लुगड्यात त्याच लोकांसमोर उभं राहायचं, ही जोखीम होती. त्यांना बघायला आलेल्या बायकांना नवा खोपा, नवा शेला बघायचा होता. मिळालं ठिगळ. सिंधू दळायला बसते तेव्हा थिएटरात हुंदक्यांशिवाय आवाज नाही. तुमच्या पुढच्या रांगेतल्या बाईनं गळ्यातली सोन्याची माळ पदराखाली घेतलीय. तिला कुणी सांगितलेलं नाही.

बालगंधर्वांच्या वेशाचं शिखर कोणतं, असं विचारलं तर बहुतेक जण रुक्मिणी म्हणतील. मी सिंधू म्हणेन. रुक्मिणीला घडवताना हाताशी सगळं होतं. सिंधूला घडवताना त्यांनी एकेक गोष्ट काढून टाकली, आणि तरी प्रेक्षकांना सिंधूच दिसली.

पुढच्या दोन वर्षांत फार थांबू नका. 1920 मध्ये ‘द्रौपदी’ येतं, मयसभा उभी करायची म्हणून पैसा पाण्यासारखा जातो: पडदे, गालिचे, झुंबरं, पोशाख. कंपनी कर्जात बुडते. जमाखर्च सांभाळणारे कपाळाला हात लावतात, आणि त्यांचं चुकतं असं म्हणता येणार नाही. शंभर माणसांचं बिऱ्हाड त्या पेटाऱ्यावर पोसायचं होतं. बालगंधर्वांना हिशेब कधी समजलाच नाही. मायबाप प्रेक्षकांना खोटं दाखवायचं नाही, एवढाच एक हिशेब ते मानत. पण कर्ज त्यांनी बुडवलं नाही. गावोगाव खेळ करत, वर्षानुवर्षं गात, ते फेडलं.

8 जुलै 1921 ची रात्र मात्र चुकवू नका. मुंबईत, टिळक स्वराज्य फंडासाठी, ‘संयुक्त मानापमान’. एका बाजूनं ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर, दुसऱ्या बाजूनं बालगंधर्व भामिनी. दोन कंपन्यांचे मालक, एकमेकांचे प्रतिस्पर्धी, एका रंगमंचावर. तीन महिन्यांनी केशवराव टायफॉइडनं जाणार आहेत; आज त्यांचा आवाज तिसऱ्या मजल्याला भिडतोय. तुम्हाला आज 10 वर्षांपूर्वीची भामिनी आठवते. शरीर भरलंय, पण तिच्यात आता एक सावकाशपणा आलाय, जो 22 व्या वर्षी नव्हता. पदराच्या टोकाकडे बघा. दोन बोटांत धरलंय, सोडायला तयार नाही.

आता काळ जरा वेगानं सरकतो, आणि बालगंधर्वांपेक्षा भोवतालचं जग जास्त बदलतं. 1929 मध्ये हिराबाई बडोदेकर स्वतःची मंडळी काढून रंगमंचावर उभ्या राहतात. 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ बोलपटात दुर्गा खोटे पडदाभर दिसतात. 1933 मध्ये नाट्यमन्वंतर ‘आंधळ्यांची शाळा’ करतं, त्यात बायकांची कामं बायकाच करतात. ज्या दाराबद्दल मघाशी बोललो, ते उघडलं. उघडायलाच हवं होतं. त्या उघड्या दारातून आत आलेल्या बायकांच्या अंगावर जे नेसणं होतं, जी मान होती, त्यात इतक्या वर्षांतल्या रुक्मिणीचा किती वाटा होता, हे कोण मोजणार?

पुणे, 1935. प्रभात स्टुडिओ. तुम्ही आता जितके जवळ याल तितके आजवर कधी आला नव्हता, कारण आज तुमच्या डोळ्यांच्या जागी कॅमेरा आहे. गंधर्व नाटक मंडळी बंद पडलीय. व्ही. शांताराम चित्रपट करताहेत, नाव ‘महात्मा’ ठरलं होतं. सरकारला त्या नावात गांधीजी दिसले, म्हणून ते ‘धर्मात्मा’ झालं. बालगंधर्व संत एकनाथ.

धोतर, उपरणं. नथ नाही, टोप नाही, शेला नाही. 47 वर्षांचा सात्त्विक चेहऱ्याचा पुरुष दिव्यांच्या झगझगाटात उभा आहे आणि हात कुठे ठेवावेत हे त्याला सुचत नाहीये. 30 वर्षं या हातांना पदर होता. तुम्ही बघता, उजव्या हाताची दोन बोटं उपरण्याच्या काठाशी जातात. तिथे जरीचा काठ नाही. परत येतात.

कॅमेऱ्याला पिट नसतो. अंतर नसतं, बत्तीची मिणमिण नसते, रात्र चढत जाणं नसतं. चार ओळी गायल्या की थांबा म्हणतात. समोर मायबाप नाहीत, वन्समोअर नाही, अत्तर लावलं तरी घेणारं कुणी नाही. तरीही तबकडीवर ऐकावा तसा सूर लागतो आणि सेटवरचे कामगार हातातलं काम थांबवतात. चित्रपट चांगला आहे. अस्पृश्यतेविरुद्ध बोलणारा, धीट. पण लोक जे बघायला आले, ते त्यात नव्हतं. दोन वर्षांनी बाबूराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’त ते पडद्यावर पुन्हा लुगडं नेसतात. पन्नाशीला टेकलेली मीरा. भिंग दयामाया करत नाही. मी तो बोलपट त्यांच्या उतरणीचा पुरावा म्हणून दाखवणाऱ्यांपैकी नाही. ज्या कपड्यात माणूस आयुष्यभर खरा होता, तोच कपडा त्यानं मागितला, एवढंच.

कंपनी पुन्हा उभी राहते, आणि 1938 च्या सुमारास गोहर कर्नाटकी तीत येतात. त्या मूळच्या कर्नाटकातल्या, बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकून ऐकून त्यांची गायकी गळ्यात उतरवलेल्या. आता नायिका त्या, आणि नायक बालगंधर्व. लोकांनी या संबंधावर फार बोलून घेतलं, त्यात आपण पडायला नको. तुम्ही विंगेत उभे राहून फक्त एवढं बघा: शालू नेसून गोहरबाई प्रवेशाची वाट बघताहेत, आणि पुरुषवेशातले बालगंधर्व त्यांच्याकडे नीट निरखून बघताहेत. ज्याला त्या नेसण्याची घडी न् घडी ठाऊक आहे, तो माणूस आज ते दुसऱ्याच्या अंगावर बघतोय. एका पुरुषानं बायकांकडे बघून घडवलेली स्त्री, तिच्या तबकड्या ऐकून घडलेली एक खरीखुरी गायिका, आणि तिच्यासमोर तोच पुरुष. रंगभूमीच्या इतिहासात असा फेरा मला दुसरा माहीत नाही.

मग पाय जातात. उभं राहणं, ज्यात सगळं होतं, तेच जातं. ते बसून भजनं गातात. 1955 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान होतो, 1964 मध्ये पद्मभूषण. ऑक्टोबर 1962 मध्ये पुण्यात, मुठेच्या काठी, त्यांच्याच नावाच्या रंगमंदिराची कोनशिला त्यांच्याच हातून बसते. तिथे तुम्ही गर्दीत आहात. माणूस थकलेला आहे, पोशाख अगदी साधा. जवळ आलेल्या प्रत्येकाला ‘देवा’ म्हणणं मात्र सुटलेलं नाही. रंगमंदिराचा पडदा उघडेल 26 जून 1968 ला, त्यांच्या वाढदिवशी. ते मात्र त्याआधी, 15 जुलै 1967 ला गेलेले असतील.

त्याच रंगमंदिरात आता या, आजच्या तारखेला, एखाद्या रविवारी संध्याकाळी. खेळ सुरू व्हायला वेळ आहे. चित्रकार गोपाळराव देऊसकरांनी काढलेली त्यांची दोन मोठी तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीवेशातलं. फोटोंनी जो रंग राखला नाही, तो देऊसकरांनी परत मिळवून दिलाय. तुम्ही 1916 ची ती रात्र रंगपटात काढलीय, तेव्हा जवळ जा आणि तपासा: काठ, पदराची वळणं, हाताची ठेवण.

मागे दोन तरुणी येऊन थांबल्यात. कुठल्यातरी एकांकिकेत काम करणाऱ्या असाव्यात, कारण एकीच्या खांद्यावर पोशाखाची भलीमोठी पिशवी आहे. ती दुसरीला चित्र दाखवतेय, आणि स्वतःच्या ओढणीचं टोक उचलून पाठीवरून कसं फिरवायचं ते करून बघतेय. एकदा चुकतं. दुसरी म्हणते, ‘‘अगं, आधी निऱ्या घट्ट हव्यात, मगच पदर बसतो.’’ पहिली पुन्हा चित्राकडे बघते, ओढणी सोडते आणि नव्यानं सुरुवात करते.